लेसवरून काळ कळतो, चिलखतावरून नाही

मागच्या अंकात पुण्याच्या एका वाचकांच्या घरातल्या जुन्या तैलचित्राचा फोटो छापला होता, काळं चिलखत घातलेला माणूस आणि त्याच्या गळ्यात पांढऱ्या लेसची खांद्यापर्यंत पसरलेली कॉलर, आठवत असेल. त्यावर इतके मेसेज आलेत की या वेळचं अख्खं सदर त्याच विषयाला देतेय. पितळी समईच्या डागांबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांनी प्लीज एक महिना थांबा.

प्रश्न : ताई नमस्कार, फोटो छापल्याबद्दल थँक्यू. आता सविस्तर लिहितो. चित्र आमच्याकडे पणजोबांपासून आहे, ते एका संस्थानात नोकरीला होते आणि तिथल्या जुन्या सामानाच्या लिलावात घेतलं असं आजी सांगायची. मोजलं तर ३० इंच बाय २५ इंच भरतं. कमरेपर्यंतचा माणूस, केस खांद्यावर रुळणारे, दाढी टोकदार, खांद्यावरून तिरका लाल पट्टा, हातात छोटी काठी. नाव नाही, सही नाही. मध्यंतरी एक डीलर घरी येऊन गेला, तो म्हणतो हे रेम्ब्रांटचं आहे, कोटीत जाईल, पण लगेच सौदा करा. हा माणूस कोण, चित्र कधीचं, आणि लढाईला जाणारा माणूस लेस कशाला घालेल? पाठीमागचे आणि जवळून काढलेले फोटो सोबत पाठवतोय. (एक वाचक, पुणे)

उत्तर : आधी डीलरचं बोलते कारण ते अर्जंट आहे. सौदा करू नका. ज्याला कोटीची वस्तू सापडलीय तो तुमच्या बैठकीच्या खोलीत बसून कोटीचा आकडा सांगत नाही. आणि रेम्ब्रांटचं, म्हणजे सतराव्या शतकातल्या त्या थोर डच चित्रकाराचं, नाव इतक्या पटकन घ्यायचं नसतं हो, बर्लिनच्या म्युझियममध्ये 'सोनेरी शिरस्त्राण घातलेला माणूस' म्हणून एक जगप्रसिद्ध चित्र आहे, लोक मुद्दाम ते बघायला जायचे, आणि १९८५ साली तिथल्याच तज्ज्ञांनी तपासण्या करून जाहीर केलं की हे रेम्ब्रांटच्या हातचं नाही, त्याच्या आसपासच्या कुणीतरी काढलेलं आहे. ज्यांच्याकडे ते चित्र होतं त्यांनीच हे सांगितलं, याचं मला फार कौतुक वाटतं. तेव्हा बैठकीतल्या सोफ्यावरून रेम्ब्रांट ठरत नाही.

आता चित्राकडे येऊ. असं चित्र समोर आलं की सगळे पहिल्यांदा चेहरा बघतात, मग चिलखत. मी गळा बघते. युरोपात १५६० ते साधारण १६५० आणि त्यापुढेही गळ्याची फॅशन इतक्या भराभर बदलली की नुसत्या कॉलरवरून दहा-पंधरा वर्षांच्या अंदाजाने काळ सांगता येतो. सुरुवातीला ती चाकासारखी गोल, चुण्याचुण्यांची कडक कॉलर होती, तिच्यावर डोकं ताटात ठेवल्यासारखं दिसतं. स्पेनमध्ये चौथ्या फिलिपने १६२३ मध्ये त्या चुणीदार कॉलरवर बंदीच आणली, खर्च फार होतो म्हणून, आणि तिच्या जागी साधी ताठ कॉलर आणली. इंग्लंड-हॉलंडकडे १६२० नंतर कॉलर सपाट होऊन खांद्यावर पडायला लागली आणि तिच्या काठाला रुंद लेस आली, कडेला अर्धगोल पाकळ्या असलेली. तुमच्या माणसाची कॉलर नेमकी ही आहे. १६५० नंतर हीच कॉलर बाजूने आखडली आणि पुढे छातीवर लाळेऱ्यासारखी लोंबायला लागली, कारण लांब केस आणि मग विग आल्यावर खांद्यावरची लेस कुणाला दिसणार? त्यानंतर कॉलर गेलीच आणि गळ्याभोवती बांधायचा लेसच्या टोकांचा रुमाल आला. १६९२ मध्ये स्टीनकर्कच्या लढाईत फ्रेंच अधिकाऱ्यांना तो नीट बांधायलासुद्धा वेळ मिळाला नाही, त्यांनी पीळ देऊन टोक कोटाच्या काजात खुपसलं अशी गोष्ट सांगतात, आणि मग पॅरिसमध्ये तीच फॅशन झाली, तिला नावही स्टीनकर्कच पडलं. म्हणजे चित्रात पिळलेला रुमाल दिसला तर पोशाख १६९२ नंतरचा.

तर तुमच्या साहेबांचा पोशाख १६३० ते १६४० च्या दरम्यानचा आहे. म्हणजे शिवाजी महाराजांचा जन्म झाला त्याच दशकातला, तुमच्या घरच्यांना हे ऐकून बरं वाटेल. पण पोशाखाचा काळ आणि चित्राचा काळ एकच असतो असं नाही, त्याच्याकडे येते.

आता तुमचा तिसरा प्रश्न, मला सगळ्यात आवडलेला. लढायला जाणारा माणूस लेस का घालेल. तर तो तसा लढायला जातच नव्हता. १६३०-४० च्या सुमारास बंदुका इतक्या सुधारल्या होत्या की अंगभर लोखंड घालण्याचा उपयोग कमी आणि त्रास जास्त झाला होता. गोळी अडवायची म्हणजे पत्रा जाड करायला लागायचा, जाड केला की वजन वाढायचं, घोडा आणि माणूस दोघंही लवकर थकायचे. त्यामुळे घोडेस्वार जाड कमावलेल्या कातड्याचा कोट घालायचे आणि त्यावर फक्त छाती-पाठीचा पत्रा आणि डोक्याला लोखंडी टोप. छातीचा पत्रा विकण्याआधी कारागीर त्याच्यावर पिस्तुलाची गोळी झाडून बघायचे आणि तो पडलेला खड्डा तसाच ठेवायचे, गिऱ्हाइकाला पुरावा म्हणून, म्युझियममधल्या खऱ्या पत्र्यांवर तो खड्डा अजून दिसतो. इंग्लंडच्या यादवी युद्धात (राजा विरुद्ध पार्लमेंट) १६४३ मध्ये सर आर्थर हेसलरिगची एक तुकडी गुडघ्यापर्यंत पत्रे घालून उतरली तेव्हा लोकांनी त्यांना 'लॉबस्टर', म्हणजे कवचवाले शेवंड, असं नाव ठेवलं, इतकं ते दृश्य तोवर दुर्मीळ झालं होतं.

पण चित्रातलं चिलखत काही गेलं नाही. उलट पुढे दीडशे वर्षं राजे, सरदार, गव्हर्नर चिलखत घालूनच चित्राला बसले, किंवा बसले नाहीत तरी चित्रकाराने घातलं. कारण चिलखत म्हणजे मी सेनापती आहे, माझं घराणं शस्त्र धरणारं आहे, हे सांगायची पद्धत. ती छोटी काठी आहे ना हातात, ती चालताना टेकायची काठी नाही, तो सेनापतीचा दंड आहे. आणि लेस कशासाठी, तर पैसा दाखवायला. आज लेस म्हटलं की आपल्याला मशीनवरची मीटरने मिळणारी लेस आठवते, म्हणून तिची किंमत डोक्यात शिरत नाही. तेव्हा ती सगळी हाताची. व्हेनिसकडे सुईने एकेक टाका घालून, फ्लँडर्सकडे (आजच्या बेल्जियमच्या भागात) छोट्या लाकडी रिळांवर लिननचा केसासारखा बारीक धागा गुंडाळून, उशीवर टाचण्या टोचून, रिळं एकमेकांवरून फिरवत विणलेली. कोरड्या हवेत तो धागा तुटायचा म्हणून बायका ओलसर खोल्यांत बसून काम करायच्या, महिनोन् महिने, आणि डोळे लवकर जायचे. चित्रातल्या त्या पाकळ्या मी जेव्हा जेव्हा बघते तेव्हा मला ज्याच्या गळ्यात त्या आहेत त्याच्यापेक्षा ज्यांनी त्या विणल्या त्या आठवतात, त्यांची चित्रं फार थोड्यांनी काढली. फ्रान्समधून व्हेनिसच्या लेसपायी इतका पैसा बाहेर जायला लागला की चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने १६६५ मध्ये सरकारी आश्रयाने देशातच लेस बनवायला सुरुवात केली. एका कापडाच्या काठासाठी सरकारी धोरण! म्हणून म्हणते, या माणसाच्या अंगावर लोखंडाइतकीच लेसही मानाची आहे.

आणि म्हणूनच काळ ठरवायला लेस जास्त उपयोगी. चिलखत आजोबांचं असू शकतं, उसनं असू शकतं, चित्रकाराच्या स्टुडिओत खुंटीला लटकलेलं असू शकतं. रेम्ब्रांटचं दिवाळं निघाल्यावर १६५६ मध्ये त्याच्या घरातल्या सामानाची यादी केली त्यात शिरस्त्राणं, शस्त्रं असलं बरंच काही होतं, तो काही सैनिक नव्हता, चित्रांसाठीच ठेवलेलं सगळं. अर्थात खरं चिलखतही असायचं, इटालियन चित्रकार टिशियनने १५५१ च्या सुमारास स्पेनच्या दुसऱ्या फिलिपचं जे चित्र काढलं त्यातलं नक्षीचं चिलखत आजही माद्रिदच्या राजवाड्यातल्या शस्त्रागारात आहे आणि चित्र तिथून चालत जाण्याच्या अंतरावर प्रादो म्युझियममध्ये. पण असं भाग्य क्वचित. लेस मात्र माणूस आजची घालतो. जुनी कॉलर घालून दरबारात गेलं तर लोक हसले असते.

लाल पट्ट्याबद्दल एक. त्या काळात सैन्याला एकसारखे युनिफॉर्म नव्हते, धुरात आपला कोण परका कोण कळायला पट्टे असायचे. स्पेन आणि ऑस्ट्रियाच्या बादशहाकडचे लाल, डच लोक नारिंगी, फ्रेंच पांढरे. इंग्लंडमध्ये राजाच्या बाजूचेही लाल वापरायचे. तेव्हा तुमचा माणूस स्पॅनिश बाजूचा किंवा इंग्रज राजाच्या पक्षाचा धरायचा. मापावरून मी इंग्रजकडे झुकते, कारण ३० बाय २५ इंच हे इंग्लंडमधल्या छातीपर्यंतच्या चित्रांचं ठरलेलं माप, तिथे चित्रकार मापाप्रमाणे दर सांगायचे. केस, दाढी, खांदा थोडा वळवून बघायची ढब, हे सगळं व्हॅन डाइकच्या वळणाचं आहे. व्हॅन डाइक १६३२ मध्ये लंडनला आला, पहिल्या चार्ल्सचा दरबारी चित्रकार झाला आणि १६४१ मध्ये वारला, नऊ-दहा वर्षांत त्याने इंग्रज उमराव कसा दिसावा हेच ठरवून टाकलं. त्याच्याकडे काम कसं चालायचं त्याचं वर्णन आहे, समोरच्या माणसाला एका बैठकीत तासाभरापेक्षा जास्त बसवायचा नाही, चेहरा स्वतः काढायचा, कपडे त्या माणसाच्या घरून मागवून घ्यायचे आणि ते साहाय्यक रंगवायचे, मग शेवटी हा फिरून हात मारायचा.

आता वाईट बातमी म्हणा किंवा नुसती बातमी म्हणा. तुम्ही पाठवलेल्या पाठीमागच्या फोटोत चौकटीच्या कोपऱ्यात लाकडी पाचरा दिसतायत. या पाचरा ठोकून कॅनव्हास ताणायची पद्धत अठराव्या शतकाच्या मध्यापासूनची. तेवढ्यावरून काही ठरत नाही कारण जुनं चित्र नव्या चौकटीवर चढवतातच. पण कॅनव्हासची वीण बघा, एकसारखी, धागा कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही, ही मशीनची वीण आहे. आणि डाव्या बाजूला खाली जो अर्धवट शिक्का आहे तो लंडनच्या रंगसाहित्याच्या दुकानाचा आहे, तयार कॅनव्हास विकणारे असे शिक्के मारायचे, एकोणिसाव्या शतकात सर्रास. चित्राला मागून दुसरा कॅनव्हास चिकटवलेला असता तर मी म्हटलं असतं शिक्का त्या दुसऱ्याचा, पण तुमच्या काठाच्या फोटोत थर एकच आहे.

मग लेस बघितली, जवळच्या फोटोत. व्हॅन डाइक किंवा त्याच्या तोडीचा माणूस लेस मोजून काढत नाही. आधी राखाडी पातळ थर, त्यातून खालचं काळं चिलखत किंचित दिसत राहतं, मग पांढऱ्या जाड रंगाचे झटपट ठिपके, आणि तेही जिथे उजेड पडतो तिथेच, खांद्याच्या उतारावर गेल्यावर लेस नुसती धूसर होते. फ्रान्स हाल्स या डच चित्रकाराची लेस तर जवळून बघितली की नुसते फटकारे दिसतात आणि चार पावलं मागे गेलं की विणकामातला टाका न् टाका दिसतो. तुमच्या चित्रात प्रत्येक पाकळी सारखी, प्रत्येक भोक सारखं, सावलीतलंसुद्धा. ज्याने काढली तो लेस बघत नव्हता, दुसऱ्याने काढलेली लेस बघत होता. चिलखताचंही तसंच, चकचकीत लोखंडात आजूबाजूचं सगळं उमटतं, लाल पट्ट्याची लाली पत्र्याच्या काठावर उतरायला हवी, ती तुमच्या चित्रात उतरलेली नाही, फक्त एक पांढरी रेघ ओढलीय.

तेव्हा माझं मत असं की ही एकोणिसाव्या शतकातली नक्कल आहे, सतराव्या शतकातल्या एखाद्या चित्रावरून केलेली. यात फसवणूक असेलच असं नाही. तेव्हा विद्यार्थी म्युझियममध्ये बसून नकला करायचे, ते शिक्षणच होतं, आणि नव्याने पैसेवाले झालेले लोक जिन्यात लावायला असे 'पूर्वज' घ्यायचेही. आपल्याकडच्या संस्थानिकांना युरोपियन चित्रांची हौस होती, बडोद्याला सयाजीराव महाराजांनी तर मॅरियन स्पीलमन नावाच्या इंग्रज समीक्षकाकडून नीट पारखून चित्रं जमवली, पहिल्या महायुद्धामुळे ती यायला उशीर झाला आणि चित्रशाळा १९२१ मध्ये लोकांसाठी उघडली. सगळ्यांकडे सयाजीरावांइतकी नजर आणि सल्लागार नव्हते, इतरांच्या दरबारात अशा नकला आल्या आणि त्यातलीच एक तुमच्या पणजोबांकडे आली असावी.

कोण आहे हा, ते नावाशिवाय राहू द्या असा माझा सल्ला. हाल्सचा तो प्रसिद्ध 'हसरा सरदार' घ्या, लेसची कॉलर आणि लेसचेच कफ, चित्रावर लिहिलंय वय २६, साल १६२४, १८६५ मध्ये लॉर्ड हर्टफर्डने पॅरिसच्या लिलावात रोथशील्ड या बड्या बँकरशी चढाओढ करून ५१,००० फ्रँकला घेतलं, आज लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये आहे, आणि तो माणूस कोण हे अजून नक्की सांगता येत नाही. त्याच्यावाचून कुणाचं अडलं नाही. तुमच्या चित्राखाली उगाच एखाद्या लॉर्डचं नाव टाकून पितळी पट्टी लावू नका, पुढच्या पिढीला ती खरी वाटेल. त्यापेक्षा आजी जे सांगायची ते कागदावर लिहा, कुठलं संस्थान, साधारण कोणतं साल, आणि पाकिटात घालून फ्रेमच्या मागे अडकवा.

प्रश्न : जुन्या गोव्याच्या म्युझियममध्ये असेच चिलखतवाले पोर्तुगीज बघितले, रांगेने लावलेत. काहींचे चेहरे भावाभावांसारखे दिसतात. एकाच चित्रकाराने सगळे काढले का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : छान बघितलंत. तो गव्हर्नर आणि व्हाइसरॉयांच्या चित्रांचा संग्रह आहे, साठाहून जास्त चित्रं, आणि त्याची सुरुवात १५४७ ची आहे. दों जुआंव द कास्त्रो तेव्हा गव्हर्नर होता, १५४६ मध्ये दीवचा वेढा मोडून काढल्यानंतर त्याच्या मनात आलं की आपल्या आधीच्या सगळ्यांची चित्रं करून घ्यावीत. हाच तो, ज्याने दीवचा किल्ला परत बांधायला गोव्याच्या लोकांकडे कर्ज मागितलं आणि तारण म्हणून स्वतःच्या दाढीचे केस पाठवले असं सांगतात. चित्रांचं काम गास्पार कोरेयाकडे दिलं, पोर्तुगीजांचा इथला इतिहास लिहिणारा तो, त्याने स्वतः यातल्या बऱ्याच लोकांना बघितलेलं होतं, आणि हात एका स्थानिक चित्रकाराचा. त्या चित्रकाराचं नाव कोरेयाने लिहून ठेवलं असतं तर किती बरं झालं असतं! व्हाइसरॉयांची नावं, वंशचिन्हं सगळी नीट रंगवलीत आणि ज्याने रंगवली त्याचा पत्ता नाही.

पुढे प्रत्येक नव्या अधिकाऱ्याची भर पडत गेली म्हणून चित्रकार अनेक. मग चेहरे सारखे का, तर सुरुवातीची चित्रं लाकडी फळ्यांवर होती आणि गोव्याचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू, फळी फुगते, आकसते, रंग सुटतो, वाळवी लागते. दर थोड्या वर्षांनी कुणीतरी 'दुरुस्ती' करायचा, म्हणजे वरून नवीन रंग चढवायचा. एका दुरुस्तीवाल्याच्या हाताखालून दहा-वीस चेहरे गेले की ते भाऊ-भाऊ दिसणारच. कपड्यांचंही तेच, म्हणून वर जो लेसवरून काळ ओळखायचा नियम सांगितला तो या चित्रांना जपून लावा, नंतरच्या माणसाने आपल्या मनाने बदल केलेले असतात. आधी ती जुन्या गोव्यातल्या व्हाइसरॉयच्या राजवाड्यात होती, राजधानी हलल्यावर पणजीला आली, आणि आता असिसीच्या सेंट फ्रान्सिसच्या मठात, जिथे पुरातत्त्व खात्याने १९६४ मध्ये म्युझियम केलं. काही लिस्बनला नेली, त्यातलं अफोंसो द अल्बुकर्कचं तिथल्या प्राचीन कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. परत गेलात तर तिरक्या उजेडात बघा, खालच्या जुन्या रंगाचे उंचवटे वरच्या चित्राशी जुळत नाहीत असं दिसलं तर समजा की खाली दुसरं चित्र आहे.

प्रश्न : आमच्याकडच्या जुन्या तैलचित्रावर काळपट थर आलाय. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ बघितला, अर्धा बटाटा कापून चोळायचा आणि मग जवसाच्या तेलाचा हात मारायचा. लेसचा पांढरा रंग एकदम उठून येतो म्हणे. करू का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नाही. नाही म्हणजे नाही. बटाटा नाही, पाव नाही, लिंबू नाही, साबणाचं पाणी नाही, खोबरेल तर अजिबात नाही. बटाट्याचा स्टार्च आणि पाणी रंगाच्या बारीक भेगांत शिरतं, खालचा थर फुगतो, पापुद्रे सुटतात, आणि जे स्टार्च राहतं त्यावर पावसाळ्यात बुरशी धरते. तेल लावल्यावर चार दिवस चमकतं, खरंय, पण तेच तेल हवेत पिवळं-तपकिरी होऊन घट्ट बसतं आणि पुढे ते काढताना मूळ रंगही निघून येतो. आणि व्हिडिओत जी लेस 'उठून येते' ना, ती बऱ्याचदा लेसवरचा शेवटचा पारदर्शक थर निघाल्यामुळे येते. म्हणजे सावल्या गेल्या, उरला पांढरा चुना. चित्रकाराने सगळ्यात शेवटी, सगळ्यात हलक्या हाताने जे केलं तेच सगळ्यात आधी जातं. मला हे लिहिताना खरंच त्रास होतोय कारण अशी घासून सपाट केलेली चित्रं फार बघितलीत.

काळपटपणा दोन प्रकारचा असतो. एक वरची धूळ आणि काजळी, दुसरं म्हणजे जुनं व्हार्निश पिवळं पडलेलं. तुम्ही घरी करायचं एवढंच, मऊ कोरडा ब्रश घेऊन वरची सुटी धूळ हलकेच खाली झाडायची, आणि रंगाचा एक जरी पापुद्रा उचललेला दिसला तर तेही करायचं नाही. बाकी कॉन्झर्व्हेटरचं, म्हणजे जुनी चित्रं दुरुस्त करून जपणाऱ्या तज्ज्ञाचं काम. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला संवर्धन केंद्र आहे, वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेचीही केंद्रं आहेत, फोटो पाठवून आधी विचारा. ते अतिनील दिव्याखाली बघतात, जुनं व्हार्निश हिरवट चमकतं आणि नंतर कुणी केलेली डागडुजी काळी दिसते, मग कुठे हात लावायचा ते ठरतं.

तोवर चित्र देवघराच्या वर असेल तर हलवा, समई-उदबत्तीची काजळी थेट त्यावर बसते. बाहेरच्या भिंतीवर असेल तरी हलवा, पावसाळ्यात ती भिंत आतून ओल धरते. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे हवा खेळती राहील. आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकू नका, ओल आत कोंडते.

प्रश्न : आमच्याकडे पण सेम असा सरदार आहे, जाड चकचकीत, हात लावला तर कॅनव्हाससारखं खरखरीत लागतं. खरं असेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : भिंग घ्या आणि गालाचा भाग बघा. रंगाचे बारीक बारीक ठिपके शेजारी-शेजारी दिसले तर ते छापील आहे, ओलिओग्राफ. दगडावरून अनेक रंगांत छापायचं, वरून व्हार्निश द्यायचं आणि कॅनव्हासचा पोत दाबून उमटवायचा, अशी ती पद्धत. जर्मनीहून असली चित्रं आपल्याकडे भरपूर यायची. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत प्रेस काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, तोही याच तंत्राचा. खऱ्या तैलचित्रात ठिपके नसतात, ब्रशच्या केसांच्या रेघा असतात, आणि खरखर सगळीकडे सारखी लागत नाही, लेसवर जास्त, अंधाऱ्या भागात जवळजवळ नाहीच. छापील निघालं तरी टाकू नका, शंभर वर्षांचा कागद आहे तो, त्याला ओल्या फडक्याने पुसू नका एवढंच.

प्रश्न : आई-बाबांचं नाशिकचं घर आम्ही विकतोय. त्यात पणजोबांच्या वेळेपासूनचं एका चिलखतवाल्या युरोपियनचं तैलचित्र आहे, ते मला इकडे न्यूजर्सीला आणायचंय. सुटकेसमध्ये बसतंय. चित्र तर तिकडचंच आहे, मग अडचण यायला नको ना? (एक वाचक, अमेरिका)

उत्तर : येऊ शकते. १९७२ चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा आहे, त्यात शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं चित्र पुरावशेषात धरलं जातं, आणि असा पुरावशेष खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. चित्र युरोपियन माणसाचं आहे की मराठी माणसाचं याने फरक पडत नाही. पणजोबांच्या वेळचं म्हणजे शंभरी गाठलेली असण्याची शक्यता बरीच आहे. आधी सुटकेस भरून एअरपोर्टवर बघू असं करू नका, जप्ती होऊ शकते आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो.

करायचं काय, तर पुढून, मागून आणि फ्रेमचे फोटो काढा, मापं लिहा, आणि पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या मंडळ कार्यालयात विचारा, मुंबई मंडळाचं ऑफिस सायनच्या किल्ल्यात आहे. त्यांची तज्ज्ञ समिती वस्तू बघते आणि ती शंभर वर्षांच्या आतली असेल तर पुरावशेष नसल्याचा दाखला देते, तो असला की नेता येतं. जुनं निघालं तर इथे ठेवायला लागेल. भारतात एखाद्या नातेवाइकाकडे ठेवा, किंवा म्युझियमला विचारा, आणि विकायचंच ठरलं तर परवानाधारक विक्रेत्याकडेच जा. घर रिकामं करणाऱ्या भंगारवाल्याला मात्र फ्रेमसकट देऊन टाकू नका, फ्रेम विकतात आणि कॅनव्हास गुंडाळून फेकतात, आणि उलटा गुंडाळलेला जुना कॅनव्हास एकदा तडकला की परत सरळ होत नाही. घराचा ताबा द्यायच्या आधी हे सगळं होईल असं बघा, अर्जाला वेळ लागतो.